मारबतीची क्लिप

—नाई, थो मोबाईल खाली ठेव पयले, मंग बोल. हां, तिथंच, गडूपाशी. त्याच्यासमोर मी बोलत नसतो. एकडाव बोलली त पाहून राहिलीस न काय झालं — अन् तू भावना न? नत्थुजीची पोरगी, कृषी केंद्रवाल्याची? दारातच ओयखलं म्या, नाक बापाचंच आहे. बस. भेऊ नको, मी कोणाले खात नाई. लोकं सांगतात खाते म्हून. परवा दर्यापुराकून दोघी आल्या, हार-अगरबत्ती घेऊन, पायावर डोकं ठेवाले लागल्या — शापवाली माय तुमीच काय म्हणे! म्या म्हटलं मी केशरबाई आहो, चुलीवर वरण आहे, सरका. तरी अगरबत्ती लावूनच गेल्या.

काय म्हणते? बापाले आठ दिवसापासून जेवण नाई, पाणीबी ओकते, भिताडाकडे तोंड करून पडला? अन् डॉक्टर म्हणे आजार काहीच नाई. कसा अशीन आजार? त्याच्या मनानं घेतलं न, केशरबाईचा शाप लागला म्हून. घेईन नाई त काय करीन? कौंडण्यपूरच्या जत्रेत थे माह्या शिव्याची क्लिप पडद्यावर लावली होती म्हणे. गणपतीत माह्या आवाजाले डीजे जोडला, पोट्टे नाचले त्याच्यावर. कोणी म्हणते थे बाई मेली, आता तिची क्लिप आपोआप वाजते. कोणी म्हणते अकरा जणांले नाई पाठवली त कपाशीवर बोंडअयी पडते. माह्या मामेबहिणीनं मलेच पाठवली — केशर, पुढं धाड लवकर, माही पऱ्हाटी उभी आहे म्हणे! धाडली न मंग. हास, हास. मीच माही क्लिप अकरा जणांले धाडली. अयीचं काय सांगाव?

पण एक सांगतो, तू त्याची लेक आहे म्हून सांगतो — थे मागच्या पोयाच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. मारबतीचं. पोयाले दारात रोवलेल्या पयसाच्या फांद्या, मेढे, उपटाचे, शिवंवर नेऊन फेकाचे अन् ओरडाचं, रोगराई घेऊन जा गे मारबत! दरसाल आमच्या घरून माहं पोरगं, श्रावण, ओरडे. काय आवाज त्याचा, पार बसस्टँडवर आयकू जाये. त्या साली थो घरात, चौकट चाचपडून राहिला. त्याच्या आदल्या हंगामात फवारा मारता मारता वारा फिरला, दवा डोयात गेली — अन् दवा कोणं देल्ली थे तुले माईत आहे. दोन दवा एकाच डब्यात कालवून देल्ल्या. ना चष्मा, ना मास्क. अकोल्याच्या दवाखान्यात मी भाईर ओट्यावर झोपली, पोराचे डोये काई वापस आले नाई. तुह्या बापाले इचारलं त म्हणते, वाऱ्याच्या उलटं मारलं अशीन त्यानं. हाव, असंच म्हणला. चहा पेता पेता.

म्हून मेढे मी उचलले. मीच ओरडली. अन् शिव्या देल्ल्या — कोणाले? अयीले! रोगाले, त्या इखाले! जाय, तुह्या घरी दिवा न लागो, तुह्या डोयात अंधार पडो, पाण्याच्या घोटाले महाग होशीन! रोगाले शिव्याच द्या लागते, रोगाची काय आरती करतात? मांगं तुह्या बापाचं दुकान, थो खुर्चीवर बसेल. ज्यानं शूटिंग केली त्यानं क्लिपीतून मारबतीचं नाव कापलं, शिव्या अन् दुकान ठेवलं. झालं. एवढंच आहे बाई. तुह्या बापाले म्या शाप नाई देल्ला. श्रावणाची शप्पथ, नाई देल्ला.

मंग आजवर काहून नाई बोलली? इचार, इचार न — या साली पाह्य, तालुक्यातले सारे दुकानवाले औषधासंग मास्क देऊन राहिले, हातमोजे देऊन राहिले, वाऱ्याकून उभा राह्य म्हून समजावून राहिले. सरकारच्या कागदाले भेले नाई, साहेबाच्या भाषणाले भेले नाई, माह्या क्लिपले भेले! कोणाचं तरी पोरगं आज डोयानं पाहून राहिलं अशीन त्याच्यानं. खरं सांगतलं त काय राहते? एक बुढी मारबतीले ओरडली, त्यात काय — अन् उद्यापासून मास्क बंद. म्हून तू म्हणते तशी, शाप नाई देल्ला म्हून सांगणारी दुसरी क्लिप मी देणार नाई. नाई म्हंजे नाई. रडू नको वं. रडू नको म्हटलं न.

आयक. मरू नाई देत मी तुह्या बापाले. ज्याचा तळतळाट लागला त्याच्याच हातचं पाणी पेलं का उतरते, तुह्या आजीले इचार. हे मोबाईलच्या आंधीचं आहे, हे थो मानीन. मी येतो. आत्ताच येतो, याच गडूनं पाजतो. माह्या जिवावर येईन, श्रावणाचे डोये दिसतीन मले त्याच्या तोंडापाशी गडू नेतांना — पण पाजतो. पे नत्थुजी म्हणतो. फक्त कोणाले सांगजो नको. लोकाइले शाप राहू दे, तुह्या बापाले पाणी. दोघाइचंबी भागते. चाल, ऊठ, दे थो गडू—

हे काय वं? मोबाईलवर हा लाल ठिपका कायचा? अन् हे आकडे काहून वाढून राहिले?

बोल न. कवापासून चालू आहे? मी बसली तवापासून? मारबतीचंबी गेलं? मास्कचंबी? लाइव्ह म्हंजे? म्हंजे आता पाहून राहिले लोकं? सारे? दुकानवालेबी?

बरं केलं.

नाई, हात जोडू नको. पाणी कायले पायजे आता? शाप नोयताच, सांगतलं न म्या साऱ्या जगासमोर. जाय. दाखव बापाले. पाह्य, त्या मोबाईलच्या हातचं पाणी पेते काय थो. — गडू ठेव. माहा आहे थो गडू.

श्रावण, दार लाव रे. कोणी नोयतं.