धाकट्या भावाकडे सापडलेल्या गोळ्यांच्या डब्याबाबत

मी, मैदानावर सगळे मास्तर म्हणतात तो, वय ६१, धंदा व्हॉलीबॉल शिकवणे, राहणार मैदानामागील इमारत, दुसरा मजला, घरात एकटाच, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझा उजवा गुडघा उड्या मारून मारून कामातून गेला आहे. बरीच वर्षे मी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलले. आज सकाळी दवाखान्यात माझेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचला. नंतर नर्सबाई म्हणाल्या, "घरचं कोणी आल्याशिवाय सोडता येणार नाही." मी बराच वेळ फोन उगाच चाळत बसलो. शेवटी बाहेरच्या टॅक्सीवाल्याला आत बोलावले आणि हा माझा धाकटा भाऊ, असे सांगितले. त्याआधी त्याची माझी ओळख नव्हती.

नर्सबाईंनी त्यालाच बजावले, "दादा, दोन आठवडे यांना त्या गोळ्या घेऊ देऊ नका. केलेलं सगळं पाण्यात जाईल. फारच दुखलं तर आम्हाला फोन करा." त्याने मान डोलावली. मला वाटले, नाटक बरे वठवतोय.

त्याने मला आधार देऊन वर आणले, पलंगावर टेकवले आणि विचारले, "गोळ्या कुठायत?" मी कपाट दाखवले. त्याने सगळा डबाच उचलला. "मास्तर, तुमचा काही भरवसा नाही. दोन आठवडे हा माझ्याकडे. मग आणून देतो." असे म्हणून तो दार ओढून गेला. माझा डोळा लागला.

शिपाई उठवायला आले तेव्हा पुढचे कळले. जिन्यात समोरच्या काकूंनी त्याला डब्यासकट अडवले व पोलिसांना बोलावले. त्यांची चूक नाही. माझ्या दारातून दुसरा माणूस बाहेर पडताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. या गड्याने पोलिसांनाही आपण माझा भाऊच असल्याचे सांगितले. आडनाव जुळेना, म्हणून संशय वाढला.

तो माझा भाऊ नाही. मला भाऊ नाही, जवळचे दुसरेही कोणी नाही. दवाखान्यात हे सांगायची लाज वाटली म्हणून मी खोटे बोललो. त्याने चोरी केलेली नाही. त्याला सोडावे.

हवालदारसाहेब डबा माझ्या ताब्यात देत होते. मी घेतला नाही. गुडघा आता चांगलाच ठणकतो आहे, तरी डबा त्याच्याकडेच द्यावा. तो परत करायला म्हणून तरी हा माणूस घरी येईल.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.