उजेडावरचं पांघरूण

टक्… टक्… टक्… चंचुपात्रात फिरणाऱ्या चुंबकाच्या कांडीचा तो आवाज अजून कानात आहे. माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे जुने सोबती आणि बंधुभगिनींनो, त्याच तालावर मी शाळेतल्या कविता गुणगुणायचो, आणि आमच्या प्रयोगशाळाप्रमुख बाई मला, त्यांच्या मदतनिसाला, म्हणायच्या, "कविराज, यमक नंतर जुळवा, आधी द्रावण ढवळू द्या."

त्या बाई आज निवृत्त होत आहेत. ही रिकामी खुर्ची त्यांचीच. हार टेबलावर सुकतो आहे.

बाईंचं काम काय? झिंक सल्फाइडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत मँगनीजची चिमूटभर भेसळ करायची. जगात भेसळीला तुरुंग. इथे भेसळीतून नारिंगी उजेड! पण कणाच्या पृष्ठभागावर खळगे असतात, ते उजेड गिळतात. म्हणून वरून सेंद्रिय रेणूंचा पातळ थर चढवायचा. बाई त्याला 'पांघरूण' म्हणत. कुणी ते द्रव्य जास्त ओतलं आणि उजेड मंदावला, की ओरडायच्या, "अरे, पांघरूण घाल म्हटलं होतं, गाडून टाक नव्हे!"

हसलात? हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

तो उजेड पाहायला अतिनील दिव्याखाली वाकावं लागे. बाई संरक्षक चष्मे मागत राहिल्या. उत्तर ठरलेलं: "पुढच्या खरेदीत बघू." आज बाईंना दिवस की रात्र, तेही विचारावं लागतं. आणि त्यासाठी संस्थेनं नेमलेली चौकशी समिती म्हणते, नजर गेली ती वयोमानामुळे! परवा आमंत्रण द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांवर जिथे पांघरूण घातलं, तिथे हार घालून घ्यायला येऊ? खरं बोलणार आहे का कुणी?"

अध्यक्षमहोदय, चिठ्ठी पाठवू नका. वेळ संपली, ठाऊक आहे. बाईंचे डोळे वयानं गेले नाहीत, त्या दिव्यानं गेले. आणि त्याच दिव्याखाली आजही नवी मंडळी उघड्या डोळ्यांनी वाकतात.

शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला; दिव्याचं ते एक वाक्य मात्र पोटात घालू नका.

कोण आहे दारात? वाट द्या जरा… बाई? तुम्ही?

"बाहेर पायरीवर बसून ऐकत होते, कविराज. बोललात, म्हणून आत आले. पण तुम्ही सगळे असे अंधारात का बसलात? दिवे नाही लावले अजून?"

बाई… सगळे दिवे लागलेले आहेत.