दोन कुलपांच्या आत

नाव वर नोंदले आहे. ओळखीचे सगळे 'बाइंडरताई' म्हणतात. वय एकसष्ट. धंदा पुस्तकबांधणी. राहणार बाजारामागची गल्ली, तळमजला, जिन्याखालचे दार.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर धाकट्या बहिणीसोबत राहते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची डावी बाजू चालत नाही. तिला खुर्चीतून उठवणे, संडासाला नेणे, दुपारची गोळी देणे ही कामे मी करते. आम्हाला तिसरे कोणी नाही.

नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या येथील संघटनेची मी जुनी सभासद आहे. कोणाला विनाकारण पकडले, डांबले, तर आम्ही धावून जातो. त्यासाठी मी या ठाण्यात अनेकदा आले आहे आणि समोरच्या बाकावर पकडलेल्यांच्या आयाबहिणींना धरून बसले आहे. आज माझी तक्रार संघटनेच्याच दोघांविरुद्ध आहे हे ऐकून इथल्या दोन शिपायांना हसू आले. तेही लिहून घ्यावे.

संघटनेत हल्ली दोन तट पडले आहेत. अध्यक्ष वकील आहेत. त्यांना येत्या नगरपालिकेच्या निवडणुकीत संघटनेच्या पाठिंब्यावर उभे राहायचे आहे. चिटणीस कॉलेजात प्राध्यापक आहेत. त्यांचे म्हणणे, संघटनेने निवडणुकीपासून लांब राहावे आणि अध्यक्ष त्यांना करावे.

काल दुपारी कार्यालयात बैठक होती. कोणी चोरून ऐकू नये म्हणून बैठकीआधी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा बाहेर जिन्यात ठेवायचा, अशी आमची पद्धत आहे. माझाही फोन त्यात होता. मी आतल्या खोलीत अहवालाच्या प्रतींना पुठ्ठे लावत होते. हात खळीने भरलेले, म्हणून बैठकीत बसले नाही. बाहेर आवाज चढले, पण ते नेहमीचेच होते.

काही वेळाने सगळे शांत झाले. हात पुसून बाहेरच्या खोलीत आले, तर तिथे कोणी नाही आणि दार बाहेरून बंद. नंतर कळले ते असे, की वाद मिटेपर्यंत कार्यालयाचा ताबा अध्यक्षांकडे, असे म्हणून वकिलांनी कुलूप घातले. त्यावर प्राध्यापकांनी स्वतःचे कुलूप घातले. आत कोणी राहिले आहे का, हे एकानेही पाहिले नाही. इथवर मी चूक समजते. चुका माणसांकडूनच होतात.

पुढचे मात्र चूक नाही. मी दार वाजवले. सगळे खाली फाटकापाशी भांडत होते, ते वर आले.

"अरे बापरे, ताई आत राहिल्या!" वकील म्हणाले.

"आधी उघडा," मी म्हणाले. "बहीण घरी एकटी आहे. तिच्या गोळीची वेळ झालीये."

"लगेच उघडतो. फक्त आधी त्यांना त्यांचं कुलूप काढू दे."

"मी आधी काढलं की ताबा यांचा झाला," प्राध्यापक म्हणाले. "ताई, तुम्हीच सांगा, हे लोकशाहीत बसतं का?"

"तिला संडासला न्यायचंय हो! लोकशाहीचं नंतर बघा!"

दोघांनी एकदम काढा, असेही मी सुचवले. त्यावर एक-दोन-तीन कोणी म्हणायचे, यावरून जुंपली.

मग दाराखालून दोन कागद आत आले. दोन्हींत मला कोंडल्याचा तीव्र निषेध होता व माझी तात्काळ सुटका मागितली होती. वकिलांच्या कागदात निषेध प्राध्यापकांचा, प्राध्यापकांच्या कागदात वकिलांचा. खाली माझ्या सहीला जागा सोडली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय! मी दोन्ही कागद फाडले.

ऊन कलल्यावर खिडकीच्या गजांतून मला खालचा इस्त्रीवाला दिसला. मी घसा फुटेस्तोवर हाक मारली. तो हातातले काम टाकून वर आला आणि कुलपे तोडतो म्हणाला. हा संघटनेचा अंतर्गत प्रश्न आहे, असे त्याला दोन्ही बाजूंनी सांगण्यात आले. काल त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच गोष्टीवर. तो सरळ येथे आला. येथील शिपायांनी कुलपे तोडली. ती तोडत असताना वकिलांनी त्यांच्याकडे वॉरंट मागितले.

मी घरी पोचले तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. आमच्याकडे अंधार होता. बहीण खुर्ची आणि संडासाचे दार यांच्यामध्ये जमिनीवर पडली होती. कपडे ओले होते. "मी हाका मारल्या गं," ती म्हणाली. मी म्हणाले, मीपण मारल्या. तिचे खुब्याचे हाड मोडले आहे. आता खुर्चीतही बसता येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. याबद्दल मला आणखी विचारू नये.

आज सकाळी दोघेही इस्पितळात आले, वेगवेगळे. वकील म्हणाले, "पोलिसांत गेलात तर आपले विरोधक टाळ्या पिटतील, ताई." प्राध्यापक म्हणाले, "थोडा चळवळीचा विचार करा." बहिणीला कसे आहे, हे दोघांनी मला विचारले. ती शेजारच्या खाटेवर जागी होती, तिला कोणी विचारले नाही. दुसऱ्या कोणी मला असे कोंडले असते तर तुम्ही मला कुठे घेऊन गेला असता, असे मी दोघांनाही विचारले. त्यावर दोघांनाही तातडीचे काम आठवले व ते निघून गेले.

संघटनेच्या कामावर माझा राग नाही. उद्या कोणाला डांबले तर मी पुन्हा येथे येईन व भांडेन. तेव्हा हा जबाब दाखवून मला कोणी गप्प करू नये.

सोबत कोणी आहे का, असे आपण विचारले. जबाब देणाऱ्याला या बाकावर एकटे बसू द्यायचे नाही, असा आमच्या संघटनेचा नियम आहे. तो मीच मांडला होता. माझ्यासोबत कोणी आलेले नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले, मग मी स्वतःही वाचले. त्यात 'गैरसमजातून दार बंद राहिले' असे वाक्य होते. ते मी खोडायला लावले व त्याजागी 'मी आत आहे हे माहीत असताना मला कोंडून ठेवले' असे लिहून घेतले. आता ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.