मॅडमनी मागितलेली वनलाइन

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत. नववीतच माझी शाळा सुटली. तरी विद्यापीठातल्या मालिका-लेखनाच्या कोर्सला मला घेतलं. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, “उद्या एका भागाची वनलाइन लिहून आणा.” मी घासूनपुसून एकच ओळ नेली. बाकीच्यांनी पानंच्या पानं आणली होती.

मॅडमनी माझी ओळ मोठ्याने वाचली. “भांडलेले दोन भाऊ वर-खाली राहतात, खालच्याचा टीव्ही बिघडतो, तेव्हा वरचा आपल्या टीव्हीचा आवाज वाढवतो.”

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, “अहो, वनलाइन म्हणजे भागातले सगळे प्रसंग, ओळीने. नारायण पेठेत नारायण शोधता का?”

आपलं इथे काम नाही, असं वाटून मी बॅग उचलली.

“कुठे निघालात? बसा. भाऊ चांगले आहेत तुमचे. आज सगळे मिळून त्यांचेच सीन पाडू.”

त्या ‘बसा’चे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानांचा गठ्ठाच मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्या म्हणाल्या, “अहो, सूड उगवताय का?”