उडालेल्या माश्यांचा कायदा

(दक्षिण इटलीतलं डोंगरावरचं छोटं गाव. मे महिना, सकाळचे दहा. बागेचं फाटक बंद. बाहेर रिकामी मधपेटी घेतलेली एर्सिलिया, आत बागेचा मालक गास्पारे.)

एर्सिलिया : तिसऱ्यांदा सांगते, कडी काढ. बदामाच्या फांदीवर लोंबतंय ते माझं मोहोळ आहे.

गास्पारे : फांदी कुणाची? माझी. झाड कुणाचं? माझं. मग त्यावर येऊन बसलं ते तुझं कसं गं?

एर्सिलिया : माझ्या पेटीतून उठलंय. काल सकाळी.

गास्पारे : नाव लिहिलंय का एकेकीच्या पाठीवर?

एर्सिलिया : चेष्टा पुरे. ऊन चढलं की उठतील आणि दरीत उतरतील. मग तुझ्या नाहीत नि माझ्याही नाहीत. सोळा पेट्या होत्या माझ्या. कीड लागली, पंधरा गेल्या. ही शेवटची.

गास्पारे : अकरा वर्षं ओळख दिली नाहीस. आज माश्या आल्या तर बरे पाय वळले!

एर्सिलिया : माझ्या नवऱ्यानं लावलेला अक्रोड तू तोडायला लावलास. नंतर तुझ्या दाराशी फुलं घेऊन यायचं होतं का?

गास्पारे : मी नाही, कोर्टानं. ते बघ, ज्यांनी निकाल दिला तेच चाललेत. ओ सावेरियोसाहेब! जजसाहेब! जरा इकडं या.

सावेरियो : रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, गास्पारे. आता मी फक्त पाव आणायला बाहेर पडतो.

गास्पारे : एकच सांगा. माझ्या परवानगीशिवाय ही माझ्या जमिनीत पाऊल टाकू शकते का?

सावेरियो : एरवी नाही.

गास्पारे : ऐकलंस?

सावेरियो : माझं वाक्य संपू दे. एरवी नाही, पण आपल्या माश्यांमागे आली असेल, तर टाकू शकते. दिवाणी कायदा, कलम नऊशे चोवीस. मोहोळ उडालं तर मालकानं परक्याच्या जमिनीतही त्याच्यामागे जावं. जाताना काही मोडलं तर भरून द्यावं.

गास्पारे : असला कायदा कुठल्या शहाण्यानं केला?

सावेरियो : रोमच्या शहाण्यांनी. अठराशे वर्षांपूर्वी याच भांडणावर त्यांनी डोकं खाजवलं होतं. माशी मुळात रानटी, तिला मालक नाही. पण पेटीतून उठलेलं मोहोळ जोवर डोळ्यांसमोर आहे आणि त्याच्यामागे जाणं अवघड नाही, तोवर ते पेटीवाल्याचंच, असं ठरलं.

गास्पारे : झालं तर! डोळ्यांसमोर कुठं होतं? काल दुपारपासून इथं आहे. ही बाई आज उगवली.

सावेरियो : डोळ्यांची अट रोमची. आपण तिथं दोन दिवसांची मुदत घातली. दोन दिवस मालक मागावर नसेल, तर जमीनवाल्यानं खुशाल ठेवून घ्यावं. एर्सिलिया, काल कुठं होतीस?

एर्सिलिया : मागावरच. गिरणीपर्यंत दिसत होतं, मग टेकडीआड गेलं. चर्चच्या घंटाघरावर चढले, काही दिसेना. स्मशानातली सगळी झाडं पालथी घातली. अंधार पडल्यावर घरी गेले, उजाडताच निघाले. पाद्रीबाबांना विचारा, घंटाघराची किल्ली त्यांनीच दिली.

सावेरियो : विचारायची गरज नाही. तुझ्या पायांवरचे ओरखडे दिसताहेत.

गास्पारे : साहेब, ते रोमवाले मरून माती झाले. त्यांचं मी का ऐकू?

सावेरियो : अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याहून जुन्यांचं ऐकलंस की! अक्रोड हद्दीपासून तीन मीटरच्या आत आहे म्हणून दावा लावलास. झाड हद्दीपासून किती लांब हवं हे ग्रीकांनी अथेन्समध्ये ठरवलं होतं. अंजीर किंवा ऑलिव्ह असेल तर नऊ फूट. ते रोमनांनी उचललं आणि त्यांच्याकडून फिरत फिरत आपल्याकडे आलं. तेव्हा तुला इतकं आवडलं, की निकालानंतर माझ्या घरी वाइनची बाटली पाठवलीस. मी परत केली.

एर्सिलिया : मला नव्हतं आवडलं. दोन वर्षं मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते, साहेब.

सावेरियो : ठाऊक आहे. चर्चमध्ये माझ्या बाकावर बसायची बंद झालीस. तो अक्रोड मलाही आवडायचा, एर्सिलिया. पण निकाल बरोबर होता.

एर्सिलिया : ते कळत होतं. म्हणून तर कुऱ्हाड मीच चालवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

सावेरियो : ऐक, गास्पारे. न आवडलेला कायदा हिनं पाळला. आता तुझी पाळी.

गास्पारे : आणि नाही उघडलं तर?

सावेरियो : तर मी इथंच उभा राहीन आणि साक्षीदार होईन. उत्तम साक्ष देतो मी. चाळीस वर्षं वाईट साक्षी ऐकल्यात.

गास्पारे : ...मला मध नको होता.

एर्सिलिया : मग काय हवं होतं?

गास्पारे : झाडं बघ माझी. दोन वर्षं नुसता फुलोरा येतो नि गळतो. बदाम धरतच नाही. तुझ्या पेट्या मरत गेल्या, तसतसं हे होत गेलं. काल फांदीवर हा घोस दिसला आणि वाटलं, राहू देत इथंच.

एर्सिलिया : हे सांगायचं होतंस.

गास्पारे : कुठल्या तोंडानं?

एर्सिलिया : अरे, माश्या मैल दोन मैल फिरतात. पेटी माझ्या अंगणात असली तरी तुझी फुलं सोडतात होय? आधी त्या जगल्या तर पाहिजेत.

गास्पारे : ये. डावीकडून ये. वाल मोडला तर मोडू दे.

सावेरियो : म्हणजे भरपाईचा हक्क सोडलास असं समजू?

गास्पारे : समजा, साहेब, समजा.

एर्सिलिया : ते राहू दे. मी फांदी झटकणार, खाली पेटी धरायला कुणीतरी हवं. साहेबांचे हात कापतात.

गास्पारे : मी? चावतील मला.

एर्सिलिया : घर शोधत निघालेली माशी सहसा चावत नाही. बाह्या खाली कर. हं, अशी धर, दोन्ही हातांनी. भीती वाटली तर डोळे मिट, पण पेटी हलवू नकोस. झटकते!

गास्पारे : अगं बाई... जड झाली की एकदम! आणि लाकूड गरम लागतंय हाताला.

एर्सिलिया : जिवंत आहेत ना त्या.