बाकी समदं हाय, चौकडी न्हाय

आता ऊन तरी किती पडावं, तुमीच सांगा! सकाळचे नऊ वाजलेत, वैशाख अजून उंबऱ्याबाहीर हाय, आणि छपराचा पत्रा असा तडतडतोय जणू वर कुणी पापड भाजतंय... वारा म्हणाल तर पान हालंना... अशा उन्हात मी अंगणात उभारलोय, हातात क्यामेरा, आणि भिंतीफुडं आमची विठाबाई, नवं लुगडं, केसाला तेल, आणि तोंड असं की मी फोटो काढतोय का दात! आणि तुमाला सांगतो, त्या क्यामेऱ्यात बाकी समदं हाय, चौकडी न्हाय!

चौकडी म्हंजे काय म्हणताय? अवो, दोन आडव्या, दोन उभ्या रेघा, पडद्यावर! जुन्या क्यामेऱ्यात होत्या की! मी काय शिकलेला माणूस न्हवं, शाळेची पायरी चढलो ती फकस्त मतदानाला. पण चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्सं नक्षीचा चौकोना-चौकोनाचा कागद वाचलाय! मोराच्या तुऱ्याला किती चौकोन, पानाला किती, झोपेत विचारा. तुमाला अक्षरं, तशी मला चौकडी. तिच्याबिगर मला जग सरळ दिसतच न्हाई! जुना क्यामेरा हौदात पडला, गेला बिचारा... तवा आमच्या दिपकनं, पोरानं, पुण्यावनं ह्यो धाडला. "तात्या, लई भारी हाय, पाण्यात बी चालतो!" आरं लेका, पण जमिनीवर सरळ चालंना की!

आणि विठाबाईला घाई कशाची, तर तिची बहीण वच्छला गेली. गेली ती गेली, भिंतीवर लावायला घरात फोटोच न्हाई! लेकांनी मग आधार कार्डाचाच मोठा करून लावला. आता आधार कार्डावर माणूस कसं दिसतं, तुमाला म्हाईत हाय की! हार घातलेला, उदबत्ती लावलेली, आणि वच्छला अशी डोळं फाडून बघतीया, जणू तिला आत्ताच कुणी सांगितलंय की वच्छला गेली! तवापासनं हिचा धोसरा, "माजा फोटो आत्ताच काढा. सरळ काढा, माज्याच घराच्या भिंतीफुडं काढा. मागनं तुमी काय लावाल, काय भरवसा न्हाई."

पन्नास वर्सांत बायकोनं मागून मागितलं काय, तर एक फोटो... तेवढा बी देऊ नये मी?

काढले. अकरा काढले! अकराच्या अकरा कलते! विठाबाई म्हणती, "मी काय होडीत बसलीया व्हय?"

मग गेलो सात रस्त्याच्या चौकात, मल्लेशच्या क्यामेऱ्याच्या दुकानात. भला माणूस, पण बोलणं म्हंजे फुटाणे! "तात्या, मेनू दाबा! सेटिंग दाबा! डिस्प्ले दाबा! आता हितं बगा!" बगितलं. "काय हाय?" "हितं रेघांचं सेटिंग असायला पायजे." "मग?" "न्हाय की!" वर मलाच समजावतोय, "उजेड वाढवा तात्या, तारीख लावा, भाषा बदला, बारा भाषा हायत!" आरं मल्लेशा, बाराच्या बारा मला वाचाया येत न्हाईत, आणि जी एक येती तीच ह्यांनी काढून टाकली! बाकी समदं हाय, चौकडी न्हाय!

घरी आलो. बसलो. मी घाई करत न्हाई, गुंता घाईनं सुटत न्हाई. बसल्या बसल्या ध्यानात आलं, आपल्या घरात सुताला काय तोटा! चार धागे घेतले, दोन उभे, दोन आडवे, डिंकाचं बोट लावलं, चिकटवले पडद्यावर. झाली चौकडी! विठाबाई बघून म्हणती, "हे फोटोत आलं तर मी तुरुंगात दिसंन!" म्हणलं, "येत न्हाईत गं, धागं मागल्या अंगाला हायत." "मी फुडं आणि धागं मागं, मग उपेग काय?" आता ह्याला काय सांगावं, तुमीच सांगा!

परत उन्हात. भिंतीची कड धाग्याला लावली... विठाबाई कलली! विठाबाई धाग्याला लावली... भिंत कलली! "जरा डावीकडं हो." "मी सरळ हाय." "जरा उजवीकडं." "अवो, मी पन्नास वर्सं सरळ हाय, तुमालाच दिसलं न्हाई!"

तेवढ्यात शेजारचा गुरप्पा गवंडी आला. आमचं घर त्यानंच बांधलेलं, तीस वर्सांमागं. त्यानं फोटो बगितला. भिंत बगितली. घरी जाऊन ओळंबा घेऊन आला, दोरीला लोखंडाचा गोळा बांधलेला, आणि भिंतीच्या कडेला वरनं सोडला... वर दोरी कडेला चिकटलेली, आणि खाली मधी फट चार बोटं! चार! आणि मी बसलोय क्यामेऱ्याला बोल लावत!

विठाबाईनं टाळी वाजवली! व्हय, या वयात, भर अंगणात, टाळी! "बगा! मी सरळ हाय! भिंत वाकडी हाय!" आणि लगेच गुरप्पाकडं वळली, "ही भिंत पाडायची आणि नीट बांधायची. वाकड्या भिंतीफुडं फोटो काढून मी काय मरणार न्हाई, सांगून ठेवते! तवर मी थांबते!"

मी गुरप्पाच्या तोंडाकडं बघतोय... त्यानं सावकाश दोरी गुंडाळली, गोळा खिशात टाकला, आणि म्हणाला, "वैनी, तुमी बिनघोर थांबा. माज्या हातनं सरळ भिंत व्हायला अजून तीसएक वर्सं तरी लागत्यात."