तिसऱ्या खाचेवरची फुली

नक्षीबाई या नावाने परिचित, वय ४७ वर्षे, व्यवसाय भरतकामाच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर नक्षी तयार करणे, राहणार बेकरीच्या वर, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पुढच्या खोलीत भरतकामाचे मशीन व त्याला जोडलेला जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. मशीनची जाड पिन नव्या कॉम्प्युटरला बसत नाही, त्यामुळे हाच वापरणे भाग आहे. तो माझ्या थोरल्या भावाने सुटे भाग आणून जोडून दिला होता. झाकण उघडण्याचे काम तोच करत असे. दोन वर्षांपासून आमचे बोलणे नाही. कारण विचारले असता सांगते की, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

सध्या माझ्याकडे अग्निशमन दलाच्या गणवेशावरील चिन्हांचे काम आहे. ते उद्या सकाळी संचलनाआधी पोहोचवायचे आहे. न पोहोचल्यास यापुढचे काम दुसरीकडे जाईल, असे त्यांच्या भांडारप्रमुखांनी स्पष्ट सांगितले आहे. चिन्हात ज्वाळा आहेत आणि ज्वाळांना टाके फार लागतात. ती नक्षी उघडली की कॉम्प्युटर जागच्या जागी अडकत असे. म्हणून रॅम वाढवून घेण्यासाठी मी सोमवारी त्याचे कॅबिनेट, म्हणजे आतले सगळे भाग असलेली पेटी, चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेले.

दुकानदार म्हणाले, "ताई, ह्याला रॅम नको, पेन्शन द्या." मी म्हणाले, "पेन्शन मलाही कोणी देत नाही. तुम्ही रॅम टाका."

आतल्या बोर्डावर रॅमच्या पट्ट्यांसाठी चार खाचा आहेत. त्यांच्या शेजारी माझ्या भावाने लाल नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या, तीन ठिपके आणि एक फुली. दुकानदारांनी धूळ झटकून बोर्ड थिनरच्या बोळ्याने पुसला, त्यात खुणा गेल्या. हे मला नंतर समजले. मग दोन जुन्या व दोन नव्या पट्ट्या मिळून त्यांनी चारही खाचा भरल्या. दुकानात गर्दी असल्याने चालू करून पाहिले नाही. "घरी लावा, घोड्यासारखा पळेल," असे ते म्हणाले.

घरी बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला आणि कॉम्प्युटर लांब शिट्ट्या मारत सुटला. बेकरीवाल्याने खालून विचारले, "नक्षीबाई, कुकर बंद करायचा राहिलाय का?"

मंगळवारी कॅबिनेट परत नेले. "ठेवून जा" म्हणाले. आज दुपारी गेले, तर ते म्हणाले, "बोर्डच गेलाय. नवा कॉम्प्युटर घ्या, चांगला लावून देतो." झाकण उघडेच होते. मी विचारले, "इथल्या खुणा कुठे गेल्या?"

"ते लाल लाल? ताई, मला वाटलं, घरातल्या पोरीबाळींनी रंगवलंय. साफ करून दिलं."

"त्या खुणा होत्या."

"बरं, खुणा होत्या. मग सांगा, काय अर्थ त्यांचा?"

अर्थ फक्त माझ्या भावाला माहीत होता. ते म्हणाले, "ज्यानं केल्या त्यालाच विचारा ना." मी म्हणाले, "दुसरं काहीतरी सांगा."

एकेक पट्टी काढून तपासा, असे मी त्यांना सांगितले. तेवढ्यात मोबाईलची काच बदलायला एक गिऱ्हाईक आले. ते जाते न जाते तोच प्रिंटर घेऊन दुसरे आले. दोन्ही वेळा दुकानदार "एक मिनिट हं ताई" म्हणून तिकडे वळले. तिसरे गिऱ्हाईक पायरी चढताना दिसले, तेव्हा मी शटर आतून खाली ओढले. हे खरे आहे. मी त्यांना कोंडले हे खरे नाही. शटरला कुलूप नव्हते आणि मीही आतच होते. शटरसमोर स्टूल टाकून मी बसले आणि म्हणाले, "आता करा तुमचं एक मिनिट." शिवीगाळ केलेली नाही. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता, तो त्यांना देण्यासाठी.

त्यांनी फोन केल्यावर महिला हवालदार आल्या व आम्हा दोघांना कॅबिनेटसह ठाण्यात आणले. नातेवाइकाचा नंबर विचारला. मला तोंडपाठ असलेला एकच नंबर मी दिला.

या ठिकाणी जबाब काही वेळ थांबवण्यात आला, कारण माझा भाऊ आला. त्याने आल्या आल्या हवालदारांना विचारले, "कॅबिनेट कुठंय?" माझ्याकडे पाहिले नाही. झाकण काढून तो आत बघत राहिला. मग दुकानदारांना म्हणाला, "फुली पुसलीत?"

"साहेब, चार खाचा, चार पट्ट्या. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तिसरी खाच मेलेली आहे. पहिल्या दिवसापासून."

त्याने तिसऱ्या खाचेतली पट्टी काढली, ठाण्यातल्या टेबलफॅनची वायर काढून तिथे कॅबिनेटची लावली आणि बटण दाबले. एकच छोटी शिट्टी झाली. एक झाली म्हणजे ठीक, एवढे मलाही कळते.

महिला हवालदारांनी पर्समधली नेलपॉलिशची बाटली दिली. भावाने तिसऱ्या खाचेशेजारी पुन्हा फुली काढली. तो म्हणाला, "गुलाबी आहे. नीट दिसत नाही." मी म्हणाले, "दिसतं." आमच्यात एवढेच बोलणे झाले.

दुकानदारांविरुद्ध माझी तक्रार नाही. उरलेली पट्टी त्यांनी परत घ्यावी. शटरबद्दल माफी मागायला सांगितल्यास मागेन, परंतु उद्या सकाळनंतर. ज्वाळा अजून भरायच्या आहेत. त्यासाठी कॅबिनेट मला आजच मिळावे. ते सध्या बाहेरच्या बाकावर माझ्या भावाच्या मांडीवर आहे. मी घ्यायला गेले असता त्याने दिले नाही. "दोन जिने आहेत," असे त्याने हवालदारांना सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. दोन वर्षांपासून बोलणे नाही ही ओळ तशीच ठेवायची का, असे लिहून घेणाऱ्यांनी विचारले. ती आज सायंकाळपर्यंत बरोबर होती, असे लिहावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.